सयामच्या राजवाड्यातल्या नगरच्या बाई

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'द किंग अँड आय' हा इंग्रजी सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. थिएटरात नाही तर टीव्हीवर तरी. १९५६ सालचा. डोक्यावरून वस्तरा फिरवलेला, अनवाणी, कमरेवर हात ठेवून उभा राहणारा युल ब्रायनर आणि त्याच्यासमोर घेरदार झग्यातली डेबोरा कर. एक विधवा इंग्रज बाई लहान मुलाला घेऊन सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला जाते. राजाच्या डझनावारी मुलांना शिकवते, राजाशी वाद घालते, त्याच्याबरोबर नाचते आणि शेवटी त्याच्या मृत्युशय्येपाशी उभी राहते. गाणी गोड आहेत, राजवाडा झगमगीत आहे. सिनेमा संपतो आणि आपण घरी जातो.

आज मला बोलायचं आहे ते त्या बाईंविषयी. कारण त्या बाई खऱ्या होत्या. त्यांचं नाव ॲना लिओनोवेन्स. सिनेमातला नाच खोटा, मृत्युशय्येचा प्रसंगही खोटा. पण ही शाळामास्तरीण खरी. आणि गंमत अशी, की जगभर 'इंग्रज बाई' म्हणून नाव मिळवलेल्या या बाईंचा जन्म इंग्लंडात झालेला नव्हता. तो झाला होता आपल्या नगरला.

हो, अहमदनगरला. आता आपण त्याला अहिल्यानगर म्हणतो. १८३१ साली नोव्हेंबर महिन्यात, कंपनी सरकारच्या फौजेतल्या एका सार्जंटच्या घरी ही मुलगी जन्मली. घरी म्हणण्यापेक्षा बायकोच्या पदरी म्हणू या. कारण तो सार्जंट, थॉमस एडवर्ड्‌स, मुलगी जन्मण्याच्या तीन महिने आधीच वारला होता. हा माणूस मूळचा सुतार, लाकडी सामान बनवणारा. फौजेत तो 'सॅपर्स अँड मायनर्स' या पथकात होता. म्हणजे पूल बांधायचे, रस्ते काढायचे, सुरुंग लावायचे, ते काम. १८२९ साली ठाण्याला त्याचं लग्न झालं होतं. मुलीचं नाव ठेवलं ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्‌स.

मुलीची आई मेरी ॲन ही ग्लॅस्कॉट नावाच्या एका लेफ्टनंटची मुलगी. हा ग्लॅस्कॉट १८१० साली मुंबईच्या फौजेत आला. त्याच्या मुलांच्या आईचं नाव मात्र कुठल्याही नोंदीत सापडत नाही. साहेबाचं नाव आहे, हुद्दा आहे, पलटणीचा नंबर आहे. बाईचं नाव नाही. कंपनीच्या दफ्तरात अशी जागा कोरी असली, की त्याचा अर्थ बहुधा एकच असतो. ती बाई इथली असावी, किंवा इथली आणि तिथली अशी मिश्र रक्ताची असावी. अभ्यासकांनीही तसाच निष्कर्ष काढला आहे. म्हणजे सयामच्या राजाला इंग्रजी रीतीभाती शिकवणाऱ्या बाईंची आजी कदाचित आपल्याच मुलखातली होती.

त्या काळात हे असणं म्हणजे काय होतं, ते थोडं सांगायला हवं. अठराव्या शतकात कंपनीचे साहेब इथल्या बायकांबरोबर उघड संसार करत. पुढे वारं फिरलं. १७९१ साली कंपनीने नियम केला, की ज्याच्या आईबापांपैकी एकजण हिंदी आहे त्याला कंपनीच्या वरच्या मुलकी आणि लष्करी नोकऱ्या मिळणार नाहीत. मुलग्यांना कारकुनी उरली, किंवा फौजेतली वाजंत्री. मुलींना काय उरलं? छावणीतल्या एखाद्या सार्जंटशी लग्न. ॲनाच्या थोरल्या बहिणीचं, एलायझाचं, लग्न १८४५ साली झालं. ती पंधरा वर्षांची होती आणि नवरा तोफखान्यातला सार्जंट मेजर. ॲनापुढे तीच वाट होती.

आईने पुन्हा लग्न केलं. तिला दुसरा इलाजच नव्हता. छावणीतल्या विधवेला रेशन फार दिवस मिळत नसे. नवा नवरा पॅट्रिक डॉनोहो हा आयरिश, तोही फौजेतलाच. त्याच्या बदल्यांबरोबर हे कुटुंब फिरत राहिलं. दोघी बहिणींचं शिक्षण बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या भायखळ्याच्या शाळेत झालं असं मानतात. फौजेतल्या बापांची पोरकी झालेली, त्यातही मिश्र रक्ताची मुलं तिथे घेत. शाळा १८१५ सालची. भायखळ्याची ख्राइस्ट चर्च शाळा म्हणून आपण जी ओळखतो, ती याच सोसायटीची.

म्हणजे नगर, भायखळा आणि पुण्याची छावणी. इंग्लंड या मुलीने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कानावर पडत होत्या त्या मराठी, हिंदुस्तानी आणि बराकीतली इंग्रजी. पुढच्या आयुष्यात ज्या सहजतेने त्या भाषांमागून भाषा शिकत गेल्या, त्याचं मूळ मला या छावण्यांत दिसतं. चार भाषांच्या कालव्यात वाढलेल्या पोराला पाचवी भाषा जड जात नाही. आपल्याकडच्या कुठल्याही लष्करी वस्तीत आजही हे बघायला मिळेल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. याच १८३१ सालच्या जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या नायगावी सावित्रीबाईंचा जन्म झाला. पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली १८४८ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४९ च्या नाताळात, पुण्यात ॲनाचं लग्न झालं. एकाच वयाच्या दोन मुली, एकाच गावात, फार तर कोसभराच्या अंतरावर. सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून शिक्षणही नगरच्याच मिस फरार यांच्याकडे झाल्याचं सांगतात. या दोघींची गाठ पडली असं मी म्हणत नाही. पेठेतून छावणीत जाण्याचं कारण सावित्रीबाईंना नव्हतं आणि छावणीतून पेठेत येण्याचं ॲनाला. पण पुढे दोघीही शिक्षिकाच झाल्या, आणि दोघींनाही जन्माने ठरवून दिलेली जागा सोडायची होती. एक तिथेच पाय रोवून उभी राहिली. दुसरी निघून गेली, आणि जाताना मागची वाट पुसत गेली.

ॲनाचा नवरा थॉमस लिऑन ओवेन्स हा आयर्लंडचा तरुण, पुण्यात साधा कारकून होता. प्रेमविवाह असावा, कारण घरच्यांना तो पसंत नव्हता. वर्षभराने मुलगी झाली, सेलिना. सतराव्या महिन्यात ती गेली. १८५२ साली ही दोघं ॲनाच्या मामाबरोबर बोटीने निघाली, सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला. वाटेत बोटीवरच मुलगा जन्मला. १८५३ च्या मार्चमध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थला उतरले. पुढच्याच महिन्यात इकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, पण ती बघायला ॲना इथे नव्हती. त्या पुन्हा या भूमीवर राहायला कधीच आल्या नाहीत.

पर्थमध्ये ॲनाबाईंनी मुलींसाठी शाळा काढायचा प्रयत्न केला. ही त्यांची पहिली शाळा. ती चालली नाही. बोटीवर जन्मलेला मुलगा तेरा महिन्यांचा होऊन गेला. त्याच वर्षी मुलगी झाली, ॲव्हिस. मग नवऱ्याला लिंटन नावाच्या एका आडजागी कैद्यांच्या तळावर कारकुनी मिळाली. तिथे १८५६ साली मुलगा झाला, लुई. तळ बंद पडला तसे ते पेनांगला गेले आणि थॉमसने हॉटेल सांभाळण्याचं काम धरलं. १८५९ च्या मे महिन्यात तो झटका येऊन तिथेच वारला. दोन मुलं दगावलेली, दोन पदरात, नवरा परक्या बंदरात पुरलेला, आणि वय सत्तावीस. पैसे नाहीत. माघारी जायचं तर पुण्याच्या छावणीत जायचं, सावत्र बापाच्या दारात.

बाई माघारी गेल्या नाहीत. त्या सिंगापूरला गेल्या आणि तिथे त्यांनी नवा जन्म घेतला. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्यांनी खरोखरच नवी जन्मतारीख, नवं जन्मगाव आणि नवे आईबाप घेतले. जन्म १८३४ सालचा, वेल्समधल्या कार्नार्व्हन गावचा. माहेरचं नाव क्रॉफर्ड. शिक्षण इंग्रजी बोर्डिंगात, हिंदुस्थानात पहिलं पाऊल पंधराव्या वर्षी. नवरा कारकून नव्हे, तर मेजर. आणि तो वारला तो वाघाच्या शिकारीहून परतताना ऊन लागून. पैसे गेले ते बंडाच्या धामधुमीत बँक बुडाली म्हणून. नवऱ्याच्या नावाचे दोन तुकडे, 'लिऑन' आणि 'ओवेन्स', आधीच एकत्र होऊन त्याचं भारदस्त 'लिओनोवेन्स' झालं होतं.

आपण याला सरळ खोटं म्हणतो, आणि ते खोटं होतंच. पण त्या जागी उभं राहून बघा. सिंगापुरात त्यांनी शाळा काढली ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. मेजरच्या विधवेकडे, वेल्समध्ये वाढलेल्या खानदानी बाईकडे ते साहेब आपली मुलं पाठवतील. पण पुण्याच्या छावणीतल्या सार्जंटच्या पोरीकडे, जिच्या आजीचं नाव कुणाला ठाऊक नाही? दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. त्यांच्याकडे विकायला एकच गोष्ट होती, विद्या, आणि ती घेणारा माणूस आधी शिकवणाराची जात बघत होता. आपल्या देशात तरी हे कुणाला समजावून सांगायला नको.

या खोट्याची किंमत मात्र त्यांनी स्वतःच भरली, आणि ती मोठी होती. आई, बहीण, सगळं माहेर तोडावं लागलं. पुढे सयाममध्ये असताना बहिणीच्या घरून पत्र आलं, तर बाईंनी कळवलं म्हणे, की पुन्हा संपर्क कराल तर मी जीव देईन. ते वाक्य खरोखर तसंच लिहिलं गेलं का, कोण जाणे. पण या दोघी बहिणी पुन्हा भेटल्या नाहीत एवढं खरं. त्या बहिणीच्या मुलीचं लग्न मुंबई इलाख्यात मीठ आणि अफूच्या खात्यात अधिकारी असलेल्या प्रॅट नावाच्या गृहस्थाशी झालं. त्यांचा एक मुलगा नाव बदलून अमेरिकेत सिनेमानट झाला. तो बोरिस कार्लोफ! 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस. तो सिनेमा आला १९३१ साली, बाईंच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी. नावं बदलण्याचा गुण घराण्यातच असावा.

आता सयाम. तिथला राजा मोंगकुट हा सिनेमातल्यासारखा रागीट बालिश माणूस मुळीच नव्हता. गादीवर येण्याआधी तो सत्तावीस वर्षं बौद्ध भिक्षू होता. पाली, लॅटिन, इंग्रजी शिकलेला, ज्योतिर्गणितात पारंगत. त्याच्या शेजारचे देश एकेक करून इंग्रज आणि फ्रेंच गिळत होते. ब्रह्मदेशाचा मोठा लचका तुटला होता, व्हिएतनामात फ्रेंच घुसले होते. आपली मुलं इंग्रजी शिकली नाहीत तर आपलाही नंबर लागेल, हे त्याने ओळखलं होतं. आधी मिशनऱ्यांच्या बायका अंतःपुरात शिकवायला येत. पण त्या धडा कमी आणि धर्म जास्त शिकवू लागल्या, तेव्हा ते बंद झालं. मग त्याच्या सिंगापूरच्या वकिलाने, तान किम चिंग नावाच्या चिनी व्यापाऱ्याने, या विधवा बाईंचं नाव सुचवलं. १८६२ सालच्या फेब्रुवारीत राजाने स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं आणि आधीच बजावलं, की इंग्रजी भाषा आणि शास्त्र शिकवा, ख्रिस्ती धर्म नको. बाईंनी मुलीला, ॲव्हिसला, शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं आणि लहानग्या लुईला घेऊन त्या बँकॉकला उतरल्या.

राजाचा परिवार एकूण ३९ राण्या-उपस्त्रिया आणि ८२ मुलांचा सांगतात. ती सगळी एका वर्गात बसत होती असं नव्हे, पण वर्ग भरगच्च असणार. तुमच्यात कुणी शिक्षक असतील तर त्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावं. ज्याच्यापुढे दरबारी लोक जमिनीवर लोटांगण घालतात असा विद्यार्थी पुढच्या बाकावर, आणि त्याला शुद्धलेखनाची चूक दाखवायची! बाईंनी ते जवळजवळ सहा वर्षं केलं. नंतर राजाच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचं कामही त्यांच्याकडे आलं. पगार आणि राहायला घर यांवरून राजाशी त्यांचे खटके उडत. हे मला फार खरं वाटतं. पगारावरून न भांडलेला शिक्षक मी पाहिलेला नाही.

त्या वर्गात चुलालोंगकोर्न नावाचा मुलगा होता, गादीचा वारस. १८६७ साली बाई प्रकृतीच्या कारणाने रजेवर गेल्या. पुढच्या वर्षी, १८६८ च्या ऑगस्टमध्ये, खग्रास सूर्यग्रहण होतं. राजाने त्याचं गणित स्वतः मांडलं होतं आणि ते पाहायला तो लवाजम्यासह दक्षिणेला गेला. गणित बरोबर आलं. पण त्या दलदलीच्या जागी त्याला मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबरला तो वारला. (याच ग्रहणाची निरीक्षणं आपल्याकडे गुंटूरला झाली, आणि सूर्यप्रकाशातली हेलियमची रेषा त्या ग्रहणाच्या वेळी प्रथम दिसली, ती हकीकत वेगळी.) पंधरा वर्षांचा चुलालोंगकोर्न राजा झाला. त्याने बाईंना आभाराचं पत्र लिहिलं, पण परत बोलावलं नाही.

१८७२ साली हा तरुण राजा हिंदुस्थान पाहायला आला होता आणि मुंबईलाही येऊन गेला. आपल्या बाई ज्या शहरात शिकल्या त्या शहरातून तो फिरला, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या हिशेबी बाई वेल्सच्या. वर्षभरानंतर, १८७३ साली, त्याने दरबारातली लोटांगणं बंद केली. १८७४ पासून गुलामगिरी टप्प्याटप्प्याने मोडत आणली, ती १९०५ साली संपली. याचं श्रेय बाईंना किती द्यायचं? पाश्चात्त्य लेखकांनी सगळंच देऊन टाकलं आहे. थाई इतिहासकार काहीच देत नाहीत. ज्याच्या बापाने वयाची चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकून घेतलं, त्या मुलाला सुधारणा करायला परक्या बाईंची गरज होती असं मला वाटत नाही. पण वर्गात ऐकलेली एखादी गोष्ट वीस वर्षांनी कुठे उगवते, हे कुठल्याच शिक्षकाला सांगता येत नाही.

नोकरी गेल्यावर बाई अमेरिकेला गेल्या, न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर त्यांनी पुन्हा मुलींची शाळा काढली, आणि लिहू लागल्या. १८७० साली 'सयामच्या दरबारातील इंग्रज शिक्षिका' या अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं. नाव नीट बघा: इंग्रज. दोन-तीन वर्षांत अंतःपुरावरचं दुसरं पुस्तक आलं. पुस्तकं खपली, व्याख्यानं झाली, नाव झालं. आणि इथेच माझी या बाईंवर तक्रार आहे.

पोटासाठी स्वतःविषयी सांगितलेलं खोटं मी समजू शकतो. पण या पुस्तकांत त्यांनी राजाविषयीही बरंच काही रचून सांगितलं. त्याने बायकांना जमिनीखालच्या अंधारकोठड्यांत डांबलं, एका उपस्त्रीला तिच्या प्रियकरासह भर चौकात जाळलं. बँकॉक हे पाण्यावर तरंगणारं शहर. चार हात खणलं की पाणी लागतं. तिथे तळघरातल्या कोठड्या कुठून येणार, असं अभ्यासकांनी विचारलं आणि त्याला उत्तर नाही. जाळल्याची साक्षही दुसऱ्या कुणी दिलेली नाही. गुलामगिरीवरचा बाईंचा राग खरा होता. अंतःपुरातल्या बायकांची नावं, त्यांची दुःखं त्यांनी जगापुढे मांडली, तशी त्याआधी कुणी मांडली नव्हती. हे सगळं कबूल. पण ज्याचं मीठ खाल्लं तो मेल्यावर त्याला राक्षस करायचा, आणि तो तर आता उत्तरही देऊ शकत नाही, हे मला पटत नाही. शिवाय त्यात एक कडवट गोष्ट अशी, की इंग्रजांनी आशियातल्या माणसाकडे जसं पाहिलं, तसंच पाहायला आशियातच जन्मलेल्या या बाई शिकल्या होत्या. वेष पुरता अंगात भिनला होता.

१८९७ साली चुलालोंगकोर्न युरोपच्या दौऱ्यावर असताना लंडनला गुरुशिष्यांची तीस वर्षांनी भेट झाली. बरोबर बाईंची नात होती. तिने पुढे सांगितलं, की राजाने आभार मानले आणि मग विचारलं, माझ्या वडिलांविषयी असं पुस्तक तुम्ही का लिहिलंत? बाईंनी, नातीच्या सांगण्यानुसार, माघार घेतली नाही. मी खरं तेच लिहिलं, असं त्या म्हणाल्या. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या.

म्हातारपण मात्र त्यांनी चांगलं घालवलं. असं म्हातारपण मला सिनेमापेक्षा जास्त आवडतं. ॲव्हिसचं लग्न १८७८ साली टॉमस फिश नावाच्या स्कॉटिश बँकवाल्याशी झालं आणि बाईंची पैशाची काळजी मिटली. कॅनडातलं हॅलिफॅक्स हे त्यांचं घर झालं. पण पाय घरात ठरत नव्हता. १८८१ साली रशियाच्या झारचा खून झाला, त्याच वर्षी एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला त्या रशियाभर एकट्या फिरून आल्या. हॅलिफॅक्समध्ये त्यांनी वाचनमंडळं चालवली, बायकांच्या मताच्या हक्कासाठी काम केलं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या पन्नाशीच्या समारंभाचं निमित्त साधून, गावात कलाशाळा काढायला पुढाकार घेतला. ती शाळा आज कॅनडातल्या नामवंत कलाविद्यापीठांपैकी एक आहे आणि तिथलं चित्रदालन बाईंच्या नावाचं आहे. त्यांनी काढलेल्या किती शाळा बुडाल्या, पर्थची, सिंगापूरची. ही टिकली.

मग नातवंडांच्या शिक्षणासाठी जर्मनी. लाइपझिगला मुलं जर्मन शिकत होती आणि आजी संस्कृत! साठीच्या घरातल्या बाई संस्कृतचा अभ्यास करत होत्या. पुढे १९०१ साली हे कुटुंब माँट्रियलला आलं, तिथे त्यांनी मॅकगिल विद्यापीठात संस्कृतवर व्याख्यानं दिली असं चरित्रकारांनी लिहिलं आहे. १९०२ साली ॲव्हिस वारली आणि सत्तरीच्या आजीने तिच्या मुलांकडे लक्ष दिलं. लुई तिकडे सयामलाच परत गेला होता. सागवानाच्या धंद्यात त्याने नाव काढलं आणि १९०५ साली स्वतःच्या नावाची कंपनी उभी केली.

त्या संस्कृतविषयी मी बराच विचार केला आहे. कॅनडातल्या थंडीत बसून या बाईंना संस्कृत का आठवावं? १८८४ साली त्यांनी हिंदुस्थानावरही एक पुस्तक लिहिलं, आगगाड्यांच्या आधीच्या काळातल्या प्रवासाच्या आठवणींचं. त्यात मुंबई आहे, पुणं आहे, दख्खन आहे, पंडिताकडे भाषा शिकल्याची हकीकत आहे. आणि हे सगळं नुकत्याच बोटीतून उतरलेल्या, या देशाला नवख्या असलेल्या मुलीच्या तोंडून. जिथे आपण खेळलो, शाळेत गेलो, लग्न केलं, त्या गावांचं वर्णन पाहुणी म्हणून करायचं! पण निदान वर्णन करायला तरी त्या परत आल्या, कागदावर. खरं लिहिता येत नव्हतं आणि गप्पही राहवत नव्हतं, असं मला ते पुस्तक चाळताना वाटलं.

१९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियलला त्या वारल्या, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. त्यांचं गुपित साठ वर्षं तसंच राहिलं. १९४४ साली मार्गारेट लँडन या अमेरिकन लेखिकेने त्यांच्यावर कादंबरी लिहिली, तिच्यावरून १९४६ साली एक सिनेमा, १९५१ साली संगीत नाटक, मग तो ब्रायनरचा सिनेमा. (ब्रायनरही आपल्या जन्माविषयी निरनिराळ्या कहाण्या सांगायचा. जन्मला व्लादिवोस्तोकला आणि सांगायचा साखालिन. बाईंना तो सहनट म्हणून आवडला असता.) १९९९ साली जोडी फॉस्टरचा सिनेमा आला. त्यालाही थायलंडने बंदी केली आणि त्याचं चित्रीकरण मलेशियात करावं लागलं.

गुपित फोडलं ते कुणी इतिहासकाराने नव्हे. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते, त्यांचा विषय कोळी. समुद्रावरचे कोळी नव्हेत, जाळी विणणारे. सयामच्या जंगलांत फिरताना त्यांना सागवानवाल्या लुईच्या आयुष्यात रस वाटला आणि ते त्याचं चरित्र लिहायला बसले. कार्नार्व्हनच्या जन्मनोंदवहीत लुईच्या आईचं नाव सापडेना. फौजेच्या याद्यांत मेजर लिओनोवेन्स सापडेना. पेनांगच्या नोंदीत सापडला तो थॉमस लिऑन ओवेन्स, हॉटेलवाला. मग ब्रिस्टो लंडनला इंडिया ऑफिसच्या दफ्तरात बसले आणि एकेक धागा मागे नेत थेट मुंबई इलाख्यात पोचले. ठाण्याचं लग्न, नगरचा जन्म, पुण्याचं लग्न. १९७६ साली त्यांचं पुस्तक आलं.

माँट्रियलच्या माउंट रॉयल दफनभूमीत बाईंची कबर आहे. दगडावर कोरलं आहे, की या मेजर थॉमस लॉर्न लिओनोवेन्स यांच्या प्रिय पत्नी. असा मेजर कधी नव्हताच. होता तो पुण्याचा एक कारकून, ज्याच्याशी त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध एकोणिसाव्या वर्षात लग्न केलं होतं, आणि तो पेनांगला आहे.